पिदूची मूठ

आरोंद्याच्या शाळेत बदली झाली
आणि पहिल्याच आठवड्यात
पोषण आहाराचं रजिस्टर जुळेना.
पट बेचाळीस, हजर एकोणचाळीस,
तांदूळ रोज उगाच थोडा जास्त.

विचारलं, तर तारीकाकी
डब्यात हात घालता घालता म्हणाली,
"ती पिदूची मूठ, गुरुजी.
ती लिवची नसता."

कोण पिदू?
"कोणाक म्हायत. आये घाली, मी घालतंय."

मग कान उघडे ठेवले.
वाण्याचं पारडं टेकलं
की वर चार दाणे पडायचे: पिदूचे.
रापण ओढून झाली, वाळूत वाटे पडले
की एक वाटा बिनमालकाचा: पिदूचो.
तरीवर दाऊद मुजावर अकरा जणांचे पैसे घ्यायचा,
बारावा फुकट.
त्याला वाटायचं, पिदू कुणी अवलिया होता,
खाडीपलीकडचा.
वाणी म्हणाला, सावंतांच्या वेळची कुणी न्हावीण.
प्रत्येकाची पिदू वेगळी,
मूठ तेवढी एकाच मापाची.

शेवटी कोपेलीत कायतान मिरण भेटला.
वय शहाऐंशी. वाती कातरत होता.
"पियेदाद," तो म्हणाला,
नाव पुरं उच्चारताना जरा ताठ बसून.
"माझ्या बापायची मावशी.
लोकांच्या दारात मासळेची खवलां काढी.
सही येय नसा. एकच मागणां येय."

तापसरीचं साल. रात्री कुणीतरी कडी वाजवली.
मडकं खरवडून झालं होतं.
तिनं दार न उघडता सांगितलं, नाय.
खोटं नव्हतं ते.
पण निजताना मागणं म्हणू लागली
आणि भाकरीच्या ओळीशी अडली.
रोजची भाकर दे म्हणायचं,
तर कुणाची?
मागण्यात 'माझी' नव्हतं. 'आमची' होतं.
आजवर हजारदा म्हटलेलं,
त्या रात्री घशात अडकलं,
काट्यासारखं.

सकाळी तिनं उकड्या तांदळाची
एक मूठ जास्त टाकली.
कुणी आलं नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
अकरा दिवस शेजारच्या कोंबड्या पेज खाऊन माजल्या,
वाडीत हसू झालं: पिदू भुताक वाढता.
बाराव्या दिवशी आलं
ते अबोला धरलेल्या जावेचं पोर,
नाक गळत, उंबऱ्यात उभं.
तिला काही आनंद झाला नाही.
पण वाढलं.

जाऊ बोलली नाही, ती नाहीच.
पण दुसऱ्या दिवसापासून
तिच्याही मडक्यात एक मूठ वर.

"आणि मग?"
कायतानला खोकला आला.
मग काय, तो म्हणाला, लागलीच ती खोड गावाक.
थडगं दाखवा म्हटलं
तर खाडीकडे बोट केलं.
सिमितेरीचा तेवढा कोपरा
कधीच पाण्यानं नेला होता.

परवा तपासणीला साहेब आले.
जास्तीच्या तांदळावर पेन्सिल ठेवून
माझ्याकडे पाहिलं.
मी काय सांगणार होतो?
की हा एका बाईचा
एका रात्रीचा नकार आहे,
शंभर वर्षं फेडत आलेला
एक अख्खा गाव, हिशेब न ठेवता?

तेवढ्यात पंगतीच्या टोकाला
चिरेखाणीवरची पोरगी येऊन बसली.
पटावर नाव नाही. मराठी येत नाही.
केसांत तांबडी धूळ.
ताट दोन्ही हातांनी पुढे धरलेलं,
जणू ते कुणी ओढून नेईल.

कोपेलीत बाराची घाट वाजत होती.
तारीकाकीनं मान वर केली नाही,
नाव विचारलं नाही,
पळी भरून ओतली.

साहेबांची पेन्सिल
थोडा वेळ तशीच राहिली.
शेऱ्याचा रकाना मी अजून भरलेला नाही.